‘देतील ते घे’ ही बलुत्याची भाषा आता पुरे!

मागील महिन्यात मंचरच्या माझ्या कार्यालयात एक बाप-लेक आले. मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर, घराण्यातला पहिला पदवीधर. हातात चाकणच्या एका कारखान्याचे ऑफर लेटर. पद ‘ट्रेनी’, वार्षिक पॅकेज 4 लाख 20 हजार आणि तीन वर्षांचा बाँड. त्याच्याच वर्गातल्या, त्याच्यापेक्षा कमी गुणांच्या मित्राला मात्र त्याच कारखान्याने ‘ज्युनिअर इंजिनिअर’ म्हणून घेतले होते. मित्राचा मामा दुसऱ्या कंपनीत मॅनेजर. काय मागायचे ते त्याने भाच्याला आधीच पढवून ठेवले होते.

मी मुलाला विचारले, ‘‘तू काय मागितलंस?’’

‘‘त्यांनी अपेक्षा विचारली. मी म्हटलं, सर, तुम्ही द्याल ते.’’

बाप मध्येच म्हणाला, ‘‘वकीलसाहेब, देतील ते घ्यावं. जास्त मागाय गेलं अन् हातची गेली तर?’’

या बापाला मी दोष देणार नाही. ही भीती वारशाने आलेली आहे. महार वतनात कामाला तास नव्हते, कामाची यादी नव्हती. एक नसला तर घरातल्या दुसऱ्याने राबायचे. मोबदला म्हणजे तुटपुंजी वतनी जमीन आणि गावाच्या मर्जीने पदरात पडेल ते बलुते. या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला 1958 साल उजाडले. वतन कागदावरून गेले. पण ठरवणारा तो आणि ओंजळ धरणारे आपण, ही सवय मनातून गेली का?

त्याच 1928 साली मुंबईत गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. तिथे धागा तोंडाला लावावा लागतो, म्हणून विटाळ होतो, ही सबब! आणि पगार जास्त नेमका त्याच खात्यात. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले, हा दरवाजा उघडण्याची मागणी घ्या, नाहीतर आमचे लोक संपात राहणार नाहीत. पुढाऱ्यांना ती मागणी नाइलाजाने घ्यावी लागली. पगार किती हा प्रश्न नंतरचा. कोणत्या खात्यात, कोणत्या पायरीवर घेता, हा प्रश्न आधीचा. हे बाबासाहेबांनी तेव्हाच ओळखले होते. आज ‘ट्रेनी’ आणि ‘ज्युनिअर इंजिनिअर’ यांच्यामध्ये तीच भिंत आहे. पुढची प्रत्येक पगारवाढ पहिल्या पगारावर टक्क्यांनी मोजली जाते. खालच्या पायरीवर पाय ठेवणारा वर्षानुवर्षे मागे राहतो.

आपली मागची पिढी राखीव जागांमुळे रेल्वेत, दारूगोळा कारखान्यात, बांधकाम खात्यात लागली. तिथे पगार मागावा लागत नव्हता. सातव्या वेतन आयोगाने केंद्राच्या कनिष्ठ अभियंत्याला स्तर 6 आणि सुरुवातीचे मूळ वेतन 35,400 दिले, ते त्याची जात किंवा मामा पाहून दिले नाही. खासगी कंपनीत सगळे बंद खोलीत ठरते आणि जो मागतो त्याला मिळते. मागायचे कसे, हे शिकवणारा आपल्या घरात कोणी नाही. 2007 साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी दाखवून दिले की, पात्रता सारखी असूनही दलित आडनावाच्या अर्जाला खासगी कंपन्यांकडून बोलावणे येण्याची शक्यता कमी होती. म्हणजे दारातच चाळणी. त्यातून आत गेलेला पोरगा स्वतःची किंमत स्वतःच कमी सांगणार असेल, तर व्यवस्थेला आणखी काय हवे?

कायदा काय म्हणतो? ‘समान कामाला समान वेतन’ घटनेच्या कलम 39 (ड) मध्ये आहे. 1982 च्या रणधीर सिंह आणि 2016 च्या जगजित सिंह खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने त्याला बळ दिले, पण ते खटले सरकारी नोकरीतले. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेली वेतन संहिता पगारात स्त्री-पुरुष भेद करायला मनाई करते. जातीच्या भेदाबद्दल ते कलम गप्प आहे. तेव्हा खासगी क्षेत्रात आरक्षणाचा लढा चालू ठेवायचाच, पण तोवर आपल्या मुलांनी तोंड उघडायला शिकले पाहिजे.

आम्ही तिघे कागद-पेन घेऊन बसलो. 4 लाख 20 हजार म्हणजे महिना 35 हजार, असा बापाचा हिशेब. समजा मूळ वेतन निम्मे आहे. पॅकेजमधून कंपनीच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि दहा टक्के ‘कामगिरीनुसार’ रक्कम वगळली, शिवाय मुलाच्या वाट्याचा निधी व व्यवसाय कर कापला, तर हातात येतात जेमतेम 26 हजार. बाप गप्प झाला. बाँडही मी पुन्हा वाचायला लावला. मे 2025 मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुदतीआधी नोकरी सोडल्यास 2 लाख भरण्याची अट वैध ठरवली आहे. ‘नुसती सही आहे’ असे समजून कोणी सही करू नये.

मग मुलाने कंपनीला चार ओळींचे पत्र लिहिले. नोकरी हवी आहे हे आधी सांगितले. मग आपले गुण, अंतिम वर्षाचा प्रकल्प आणि त्याच कामावर घेतलेल्यांचे पद दाखवून विचारले, मला ज्युनिअर इंजिनिअर का नाही? विनवणी नाही, धमकीही नाही. पाचव्या दिवशी उत्तर आले. पगार वाढवला नाही. पण सहा महिन्यांनी काम पाहून ज्युनिअर इंजिनिअर करू, हे लेखी दिले आणि बाँड दीड वर्षावर आणला. हातची नोकरी गेली नाही.

सर्वांनाच असे उत्तर मिळेल, असे मी म्हणत नाही. कुठे नकारही येईल. म्हणून एकट्याने मागण्यापेक्षा माहिती एकत्र केली पाहिजे. आपल्या शेजारच्या जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा उल्लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा कारागीर एकटा नव्हता. मग आजचा इंजिनिअर एकटा का? चाकण, रांजणगाव, हिंजवडीत नोकरी करणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी रविवारी वंदनेनंतर विहारात तासभर बसावे. कोणत्या कामाला कोणते पद, किती पगार, बाँडची अट काय, हे नव्या मुलांना मोकळेपणाने सांगावे. पगार सांगायची लाज कसली? लपवण्यात फायदा मालकाचा.

आणि सरकारकडे मागणी एकच: नोकरीच्या जाहिरातीतच पद आणि पगाराची किमान-कमाल मर्यादा छापणे कंपन्यांना सक्तीचे करा. मुलाखतीआधी उमेदवाराला पगाराची माहिती द्यावी, असा निर्देश युरोपीय संघाने 2023 मध्ये काढला आहे. मग आपल्याकडे का नको? मामा नसलेल्या मुलालाही भाव कळला पाहिजे.

जयभीम!