बॉर्डरलाइनच्या उपचारासाठी पुण्याचीच एसटी का धरायची?

"नाटकं करते ती." आपल्याकडे पोरीच्या आजाराचं निदान या तीन शब्दांत होतं. पोरगा असेल तर शब्द बदलतात, "तापट आहे, आजोबांवर गेलाय." दोन्हीकडे ना दवाखाना लागतो ना फी. हळदीकुंकवात, पारावर, फॅमिली ग्रुपवर, सगळीकडे फुकट निदान चालू आहे.

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पण पूर्ण वाचा.

ज्या आजाराबद्दल लिहितेय त्याचं नाव बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, थोडक्यात बीपीडी. मराठीत 'सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार' म्हणतात. सीमावर्ती म्हटलं की आपल्याला बेळगाव-निपाणीच आठवणार, त्याला इलाज नाही. नावच फसवं आहे. १९३८ साली ॲडॉल्फ स्टर्न या अमेरिकन मनोविश्लेषकानं न्यूरोसिस आणि सायकोसिस यांच्या मधल्या हद्दीवरचे रुग्ण, अशा अर्थानं 'बॉर्डरलाइन' हा शब्द वापरला. ती कल्पना केव्हाच मागे पडली, नाव मात्र चिकटून राहिलं. आता लोक त्याचा अर्थ 'थोडासाच आजार, जेमतेम काठावरचा' असा घेतात. साफ चूक आहे.

माझ्या भाचीला हा आजार आहे. तिला विचारून लिहितेय, नाव लिहिणार नाही, आणि ओळखणाऱ्यांनीही कॉमेंटमध्ये लिहू नये ही विनंती.

बाहेरून काय दिसतं? मैत्रिणीनं फोन उचलला नाही की हिचा श्वास वर-खाली. संध्याकाळपर्यंत तीच मैत्रीण 'जगातली सगळ्यात वाईट बाई'. रात्री तिचा साधा मेसेज आला की पुन्हा जीव की प्राण. मूड दिवसातून चारदा बदलतो. राग आला की घर डोक्यावर, आणि तासाभरानं स्वतःचीच इतकी लाज की तोंड दाखवायला नको. "मावशी, मी नक्की कोण आहे तेच मला कळत नाही गं," असं ती एकदा मला म्हणाली तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि बी.कॉम. फर्स्ट क्लासमध्ये पास झालेली. आत सतत पोकळी. आणि ती पोकळी सहन झाली नाही की स्वतःलाच इजा.

डॉक्टर लोक नऊ लक्षणं धरतात, त्यांतली किमान पाच हवीत, आणि तीही वर्षानुवर्षं, सगळ्या नात्यांत. एक ब्रेकअप झालं आणि आठ दिवस रडलं म्हणजे बीपीडी नव्हे. हे मुद्दाम सांगतेय, कारण हल्ली रील्सवर जो तो आपल्या एक्सला बीपीडी ठरवतोय. शिवी म्हणून आजाराचं नाव वापरायचं आणि आजारी माणसाला मात्र 'नाटकी' म्हणायचं, ही आपली तऱ्हा.

पोरींनाच होतो का? दवाखान्यांत निदान झालेल्यांत बायका खूप जास्त दिसतात, पण सर्वसाधारण लोकसंख्येच्या पाहण्यांत स्त्री-पुरुष फरक फारसा दिसत नाही. मग पुरुष जातात कुठं? दारूच्या गुत्त्यावर, मारामारीच्या केसमध्ये, 'तापट' या शब्दाखाली. त्यांचं निदान होतच नाही.

आता मूळ मुद्दा. माझं भांडण नातेवाइकांशी कमी आहे, व्यवस्थेशी जास्त आहे.

भाचीला खरं नाव मिळायला चार वर्षं लागली. आधी डिप्रेशन, मग बायपोलर, मग दोन्ही. बायपोलरमध्ये मूडची लाट दिवस-आठवडे टिकते, यात ती तासांची असते आणि बहुतेकदा नात्यातल्या कशानं तरी उठते. हा फरक विचारायला एका रुग्णामागे अर्धा तास लागतो आणि आपल्या ओपीडीत पाच मिनिटं मिळतात. मग काय, प्रत्येक भेटीत एक गोळी वाढली. एका वेळी पाच चालू होत्या. पोरगी दिवसभर झोपेत आणि आमची ताई म्हणायची, "निदान शांत तरी आहे."

बीपीडी बरा करणारी गोळी नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २००९ मध्येच सांगून टाकलंय की खास बीपीडीसाठी म्हणून औषधं देऊ नयेत. सोबत डिप्रेशन वगैरे असेल तर त्याची औषधं लागतात, ती डॉक्टरांना न विचारता कुणी बंद करू नयेत. पण मुख्य उपचार बोलण्याचा आहे. ठरलेल्या वेळी, दर आठवड्याला, वर्ष-दीड वर्ष.

आणि तो लागू पडतो! इथे आवाज चढतोय कारण ही गोष्ट आम्हाला चार वर्षांत एकाही डॉक्टरानं सांगितली नाही. उलट एका मोठ्या दवाखान्यात रात्री दोन वाजता जखमेची पट्टी करताना तिथल्या डॉक्टरानं सिस्टरला सांगितलं, "ही नेहमीची आहे, अटेन्शन पाहिजे असतं हिला." पोरगी शुद्धीत होती, ऐकत होती. आधीच्या अभ्यासांत या आजाराच्या रुग्णांपैकी ८ ते १० टक्के लोक आत्महत्येनं गेल्याचं दिसलंय. 'अटेन्शन पाहिजे' म्हणून सोडून देण्यासारखा आकडा आहे का हा?

आता दुसरा आकडा बघा. अमेरिकेत मॅक्लीन हॉस्पिटलच्या मेरी झानारिनी यांनी २९० रुग्णांचा दहा वर्षं माग ठेवला. २०१० साली निकाल छापला: ९३ टक्के लोकांची लक्षणं किमान दोन वर्षं टिकेल इतकी ओसरली. नोकरी, नाती, सगळं पुन्हा नीट बसलं असे मात्र निम्मेच. म्हणजे आजार ओसरतो, आयुष्य उभं करायला मदत लागते. 'पर्सनॅलिटीच तशी आहे, मरेपर्यंत अशीच राहणार' हे जे आपल्याला सांगतात, ते खोटं आहे.

या आजारावरची सगळ्यात गाजलेली थेरपी डीबीटी. ती मार्शा लिनेहान या बाईंनी उभी केली. वयाच्या सतराव्या वर्षी त्या स्वतः मनोरुग्णालयात होत्या, आणि २०११ मध्ये, साठी उलटल्यावर, त्यांनी ते जाहीरपणे सांगितलं. त्यांचं म्हणणं सोपं आहे. काही माणसं जन्मतःच जास्त हळवी असतात, भाजलेल्या कातडीसारखी, नुसता वारा लागला तरी आग होते. त्यात भोवतालचे 'तुला काही होत नाहीये, उगाच करतेस' म्हणत राहिले की त्या माणसाचा स्वतःच्या भावनांवरचा विश्वासच उडतो. मग ती आग सांभाळायची कशी हे शिकवायचं. अक्षरशः शिकवायचं, वर्ग घेऊन, घरचा अभ्यास देऊन. संतापाच्या लाटेत तोंड गार पाण्यात बुडवण्यापासून ते नको असलेल्या गोष्टीला नीट 'नाही' म्हणण्यापर्यंत.

(आणि हो, यात आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. अत्याचार, हेळसांड झालेल्या मुलांत हा आजार जास्त दिसतो हे खरं, पण सगळ्यांच्या घरी तसं झालेलं नसतं. आमच्या ताईनं जेवढं सोसलं तेवढं कुणी सोसू नये.)

घरच्यांना एवढंच सांगेन की समजून घेणं म्हणजे प्रत्येक गोष्टीला हो म्हणणं नव्हे. आम्ही आता असं बोलतो: "तुला आत्ता खूप भीती वाटतेय, दिसतंय मला. पण ओरडून बोललीस तर मी ऐकणार नाही. अर्ध्या तासानं येते, मग बोलू." आणि अर्ध्या तासानं खरंच जायचं. पंचेचाळीस मिनिटांनी नाही. "लग्न करून टाका, ठीक होईल" म्हणणाऱ्यांना मात्र हात जोडते. नात्यांतच ज्याची आग होते त्या जिवाला सासरी ढकलणं हा उपचार कसा काय होतो? दुसऱ्याच्या पोराचंही वाटोळं, आपल्या पोरीचंही.

बरं, थेरपी मिळते कुठं? आम्ही पुण्याला जातो. एका तासाचे दीड हजार. वर्षाचे बावन्न आठवडे धरा, अठ्ठ्याहत्तर हजार झाले. एसटी वेगळी, बुडालेली रजा वेगळी. महिन्याला पंधरा हजार मिळवणाऱ्या घरानं काय करायचं? विम्याचं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम २१ स्पष्ट आहे, शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारालाही विमा. पण साधारण पॉलिसी ॲडमिट झाल्यावर पैसे देते, आणि थेरपी खुर्चीत बसून होते. म्हणजे पोरगी बरी व्हायला निघाली तर एक रुपया नाही, आणि जीव धोक्यात घालून ॲडमिट झाली तर क्लेम. ही कुठली अक्कल?

"सरकारी दवाखान्यात असले स्पेशालिस्ट कुठून आणणार?" हे उत्तर मला एका पुढाऱ्यानं दिलं. उत्तर ऐका, साहेब. कॅनडात टोरांटोला १८० रुग्णांवर एक अभ्यास झाला, २००९ मध्ये छापून आला. निम्म्यांना डीबीटी, निम्म्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडून शिस्तीत आखलेला नेहमीचा उपचार, आठवड्याला एक भेट आणि गरजेपुरतं औषध. वर्षभरानं दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. म्हणजे वेळ देणारा, हा आजार शिकलेला आणि रुग्णाला न हाकलणारा माणूस पुरतो. असा माणूस जिल्ह्याला कागदावर दिलेला आहेच. १९९६ पासून देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चालू आहे. त्याच्या पथकात मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर, नर्स अशी पदं धरलेली आहेत. आणि आपण मनोरुग्णालय म्हटलं की ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी या चार नावांच्या पुढे जात नाही. या मुलांना भिंतीआड ठेवायची गरजच नाही. सिव्हिलमधली एक खोली, आठवड्याचा एक दिवस, दहा खुर्च्या. एवढंच मागणं आहे.

कायदा तर आपल्या बाजूनं आणखी पुढे गेलाय. कलम १८: ठरवून दिलेली किमान सेवा जिल्ह्यात सरकारकडे नसेल, तर जिल्ह्यातल्याच दुसऱ्या ठिकाणी घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारनं सोसायचा. कलम ११५: आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसावर तीव्र ताण होता असंच धरायचं, आणि पुन्हा तसं होऊ नये म्हणून उपचार देणं हे सरकारचं कर्तव्य. रात्री दोन वाजता पट्टी करून "अटेन्शन पाहिजे" म्हणणं या कर्तव्यात बसत नाही.

म्हणून मी माहिती अधिकाराचा अर्ज लिहिलाय. आपल्या सिव्हिलमध्ये या कार्यक्रमातली मंजूर पदं किती, भरलेली किती, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पद किती महिने रिकामं, आणि गेल्या वर्षी थेरपीची सत्रं किती झाली. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, तेवढ्यात बसवलाय. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. शेजारच्या तालुक्यांतून, जिल्ह्यांतून कुणाला टाकायचा असेल तर मसुदा मागा, पाठवते. इनबॉक्समध्ये आपापल्या घरचं लिहिलंत तरी चालेल, ते तिथंच राहील.

आणि ज्याला आज रात्रीच कुणाशी तरी बोलायची गरज आहे त्यानं माझ्या अर्जाची वाट बघू नये. टेलिमानस, १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलता येतं. जीवाला धोका वाटत असेल तर थेट जवळचा दवाखाना गाठा, सोबत कुणाला तरी घेऊन. तिथं कुणी 'नाटकं' म्हणालं तर त्यांना कलम ११५ सांगा. आकडा पाठ करून ठेवा.