साबणाच्या वडीचा प्रश्न छोटा नाही

गेल्या १३ ऑक्टोबरला मुक्तिभूमीवर अभिवादन करून आम्ही घरचे सातजण येवल्याबाहेर हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात जेवायला थांबलो. हॉटेलाचे नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका मालकाचा नाही. दिवसभर गर्दीत आणि धुळीत फिरलेले हात. बेसिनपाशी गेलो तर साबणाची बशी कोरडी. नळ बंद. बाजूला पाण्याचे पिंप आणि त्यात बुडवायला एकच मग. जेवून उठलेला माणूस खरकट्या हाताने तोच मग धरणार आणि जेवायला बसणाराही तोच धरणार. आतल्या एसी खोलीतल्या बेसिनवर मात्र लिक्विड सोपची बाटली दिसत होती.

मी काउंटरवर साबण मागितला. मालक चिडले नाहीत. अगदी सहज म्हणाले, "भाऊ, आज तेरा तारीख ना. आज बाहेर साबण ठेवत नाही. तुमची माणसं इतकी येतात, पुरत नाही. आणि जातो पण."

तुमची माणसं! शिर्डीला जाणाऱ्या गाड्या याच रस्त्याने वर्षभर धावतात, पैठणी घ्यायला लांबलांबून लोक येतात, विंचूर चौफुलीला गर्दी कधी नसते? तेव्हा साबण पुरतो. आमच्या ताटाचे पैसे मात्र आमच्याकडून इतरांएवढेच घेतले गेले.

मी वाद घालणार तेवढ्यात आईने पिशवीतून साबणाची वडी काढली. म्हणाली, "मला ठाऊक होतं, म्हणून घरून आणली." मालकाच्या बोलण्यापेक्षा हे वाक्य मला जास्त लागले. आपल्या आयांनी अपमान गृहीत धरून पिशवी भरायची सवय अजून सोडलेली नाही.

ही गोष्ट मी काही कार्यकर्त्यांना सांगितली. एकजण म्हणाला, "दादा, इथे अत्याचाराच्या केसेस उभ्या आहेत, शिष्यवृत्त्या अडकल्यात, आणि तुम्ही साबणाचं काय घेऊन बसलात?" मित्रांनो, हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला उत्तर देणे भाग आहे.

१९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायचे ठरले. प्रवासाच्या धुळीने सगळे माखले होते. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्याने भरलेला हौद होता. काहींनी तिथे हातपाय-तोंड धुतले. तेवढ्यात एक वृद्ध मुसलमान गृहस्थ ओरडत आले की, अस्पृश्यांनी हौद बाटवला. जमाव जमला, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ल्यात सोडले ते एका हत्यारबंद शिपायाला सोबत देऊन. आत कुठेही पाण्याला हात लागू नये, याची राखण त्याने करायची! 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहिला आहे. जातीचा रोग धर्माच्या कुंपणापाशी थांबत नाही, हेही त्यांनी त्यातून दाखवले. परदेशात शिकून आलेला बॅरिस्टर, गोलमेज परिषदेत बोललेला नेता, आणि त्याच्या माणसांनी धूळ धुतली म्हणून दंगा. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, याच येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली. धुळीचे हात धुणे ही छोटी गोष्ट असती, तर बाबासाहेबांनी ती लिहून ठेवली नसती.

आता मूळ मुद्दा. आपल्या देशात शुद्धी पुष्कळ आहे, स्वच्छता कमी आहे. या दोन गोष्टी एक नाहीत. शुद्धी विचारते, तू कोणाच्या पोटी जन्मलास? स्वच्छता विचारते, तुझ्या हाताला काय लागले आहे? २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर आपल्या माणसांनी ओंजळभर पाणी घेतले. त्यानंतर तिथल्या सवर्णांनी तळ्याची 'शुद्धी' केली. कशाने? शेण, गोमूत्र, दूध, दही घागरींनी पाण्यात ओतून! पिण्याच्या पाण्यात शेण कालवणे म्हणजे शुद्धी, आणि माणसाने ओंजळ भरणे म्हणजे बाट. या डोक्यातून स्वच्छता कशी जन्माला येणार?

हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने दाखवले की, शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीकडे जाणाऱ्या डॉक्टरांच्याच हातांनी बायका मरत आहेत. क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावल्यावर मृत्यू झपाट्याने घटले. तरी अनेक प्रतिष्ठित डॉक्टरांनी त्याचे ऐकले नाही. आपले हात मृत्यू वाहून नेतात, हे त्यांना पटेना. जन्माने किंवा प्रतिष्ठेने हात स्वच्छ होत नाहीत. पाण्याने आणि साबणाने होतात. साबण जात विचारत नाही, म्हणूनच तो आपल्या विचाराचा आहे.

हॉटेलात हा प्रश्न आणखी नेमका होतो. आपण भाकरी, शेवभाजी, मिसळ हाताने खातो. आचाऱ्याने कितीही स्वच्छ शिजवले, तरी घास तोंडात घालणारा शेवटचा हात गिऱ्हाइकाचा असतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ खालच्या परवाना-नोंदणीच्या नियमांत (२०११) शेड्यूल ४ आहे. त्यात अन्न हाताळणाऱ्या कामगारांसाठी हात धुण्याची सोय आणि साबण सांगितला आहे. चांगलेच आहे. पण जेवणाऱ्याच्या हाताचे काय? महागड्या हॉटेलांत जेवण झाल्यावर लिंबू घातलेले कोमट पाणी वाटीत येते. जेवणाआधी काय? करोनात काउंटरवर आलेल्या सॅनिटायझरच्या बाटल्या केव्हाच गेल्या, आणि धुळीने-तेलाने माखलेल्या हाताला सॅनिटायझर पुरतही नाही.

आणि जिथे सोय आहे तिथे ती सर्वांना सारखी मिळते का, हा आपला खास प्रश्न आहे. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. जातीवरून तिथे कोणाला अडवता येत नाही. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ त्याही पुढे जातो. हॉटेलात सर्वांसाठी ठेवलेली भांडी आणि वस्तू, पाण्याचा नळ, यांच्या वापरात अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा आहे. आपल्याच महाराष्ट्रात चहाच्या टपरीबाहेर दलितांसाठी वेगळी कपबशी असे, आणि डॉ. बाबा आढावांना १९७० च्या दशकात 'एक गाव एक पाणवठा' म्हणत गावोगाव फिरावे लागले. हे विसरायला अजून फार वर्षे झालेली नाहीत.

प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या मालकावर मी या कायद्याखाली केस करू शकलो नसतो. त्याने मला अडवले नाही, जात काढली नाही. फक्त एका ठराविक दिवशी, एका ठराविक गर्दीसाठी साबण उचलून ठेवला. आजचा भेद असाच असतो, कायद्याच्या कलमाला न लागता बाजूने निघून जाणारा. म्हणून केसच्या आधी मागणीची गरज आहे, आणि ती सर्वांसाठी करायची आहे. बेसिन सुधारले तर मराठा शेतकऱ्याचे, मुस्लिम ट्रकचालकाचे, पैठणी विणणाऱ्या कारागिराचे हातही धुतले जातील. चवदार तळेसुद्धा बाबासाहेबांनी सर्वांसाठी खुले मागितले होते, आपल्यापुरते नाही.

मालकांची अडचण खोटी आहे असे मी म्हणत नाही. येवला अवर्षणाचा तालुका, उन्हाळ्यात टँकर लागतात. पण पाणी वाचवायचेच तर पिंपात मग बुडवण्यापेक्षा पिंपाला खाली तोटी बसवा. धार बारीक राहते, पाणी कमी लागते आणि मगाला शंभर हात लागत नाहीत. सांडपाणी झाडांना सोडा. साबण जातो म्हणता? वडी जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधा.

येवल्यातल्या तरुणांनी नगरपरिषद, अन्न व औषध प्रशासन आणि हॉटेलचालक यांच्यासमोर या मागण्या ठेवाव्यात :

१. जेवणाच्या प्रत्येक ठिकाणी गिऱ्हाइकासाठी वाहते पाणी आणि साबण, एसी आणि बिगरएसी दोन्हीकडे सारखा.
२. बेसिन पुरुषांच्या मुतारीच्या आत नको. बाया-माणसे दोघांनाही संकोच न होता जाता येईल अशा जागी हवे.
३. एक नळ खाली, लहान मुले आणि व्हीलचेअरवरच्या माणसाच्या हाताला येईल असा.
४. टेबल पुसणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, संडास धुणाऱ्या कामगारांनाही साबण आणि हातमोजे. ही माणसे बहुतेक आपलीच असतात. त्यांना विसरून स्वतःपुरता साबण मागणे हा आंबेडकरवाद नव्हे.
५. १३ ऑक्टोबरला गर्दीच्या रस्त्यांवर नगरपरिषदेने तात्पुरते नळ आणि साबण पुरवावा.

हॉटेलात सोय नसेल तर बिल मागून घ्या. त्यावर अन्न परवान्याचा किंवा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक असायला हवा. तो लिहून, फोटो जोडून अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. काउंटरवर आवाज चढवून निघून येण्यापेक्षा पोच घेतलेला एक अर्ज जास्त काम करतो.

शेवटी आपल्याकडेही बोट दाखवतो. मुक्तिभूमीवर, दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर आपली मंडळे अन्नदानाचे स्टॉल लावतात. बॅनरवर नेत्यांचे दहा फोटो असतात, पण स्टॉलशेजारी तोटीचे पिंप आणि साबण किती ठिकाणी असतो? आधी आपल्या स्टॉलपासून सुरुवात करू. १५ ऑक्टोबर हा जागतिक हात धुणे दिन आहे. आपला दिवस त्याच्या दोनच दिवस आधी येतो. येत्या १३ तारखेला प्रत्येक मंडळाने एक बॅनर कमी छापावा आणि त्या पैशात पिंप, तोटी आणि साबण आणावा.

माझ्या आईला पुढच्या वर्षी घरून साबण न्यावा लागू नये, एवढीच माझी मागणी आहे. ती छोटी वाटत असेल, तर दौलताबादचा हौद आठवा.

जय भीम!