रंगपेटी बंद करा म्हणणाऱ्यांना

मागच्या महिन्यात शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात एका तज्ज्ञांनी ठणकावून सांगितलं, ‘पर्यावरण हा आकड्यांचा विषय आहे. चित्रं, मूर्ती यांत मुलांचा वेळ घालवू नका. कला सजावट करते, शिकवत नाही.’ टाळ्या पडल्या. माझा संताप अजून उतरलेला नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण सक्तीचं करायला सांगितलं. तेव्हापासून आकडेच तर घोकून घेतोय आपण! मुलं पाचपैकी पाच गुण मिळवतात आणि फाटकाबाहेर वेफर्सचं पाकीट गटारात टाकतात. हे पाप चित्रकलेच्या तासाचं नव्हे.

आणि कलेला हिशेब कळत नाही, हे कुणी ठरवलं? जर्मनीतल्या कासेल शहरात १९८२ साली कलावंत योझेफ बॉइस यांनी संग्रहालयासमोर बेसाल्टच्या ७,००० दगडांचा ढीग रचला. एक झाड लावलं की ढिगातला एक दगड उचलून त्याच्याशेजारी रोवायचा. किती झाडं लावायची राहिलीत, हे शेंबड्या पोरालाही रस्त्यावरून दिसत होतं. बॉइस १९८६ साली वारले, तेव्हा काम अर्धवट होतं. शेवटचं झाड १९८७ साली त्यांच्या मुलाने लावलं. रोपट्याशेजारी भारदस्त दिसणारा दगड आज झाडापुढे ठेंगणा झालाय. आपल्याकडे वृक्षारोपणाचे आकडे कोटींत जाहीर होतात आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच खड्ड्यात नवं रोप जातं. आपल्या मुलांनी कुठल्या ढिगाकडे बोट दाखवून जाब विचारायचा?

 

मूर्तीसाठी लागणारी शाडूची मातीही खणूनच काढावी लागते, हा त्या तज्ज्ञांचा दुसरा मुद्दा. तो खरा आहे. म्हणून मूर्ती बादलीत विसर्जित करायची आणि तळाचा गाळ वाळवून पुढच्या वर्षी त्याचीच मूर्ती करायची.

माझं मागणं मोठं नाही. विज्ञानाच्या आणि चित्रकलेच्या शिक्षकांना आठवड्यातून एक तास एकत्र द्या. आमच्या सहावीच्या वर्गात आम्ही दोन बादल्या ठेवल्या, एकीत शाडूचा गणपती, दुसरीत प्लास्टरचा. दुसऱ्या दिवशी एका मुलीने पहिल्या बादलीत कोपरापर्यंत हात घातला. तळाशी नुसता मऊ गाळ. मग दुसरीत घातला. सोंड, कान, मुकुट, सगळं हाताला लागलं.

‘बाई, हा कधी विरघळणार?’

जिप्समचा धडा मी तिथून सुरू केला. ती मुलगी पुढे पंधरा दिवस रोज मधल्या सुट्टीत बाही वर सारून त्या बादलीत हात घालून बघत होती.