कोणाचे मूल हरवले?

१ जुलै २०१८ हा रविवार होता. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवड्याचा बाजार भरला होता. भिक्षेसाठी आलेल्या पाच जणांना जमावाने ‘मुले पळवणारी टोळी’ ठरवले आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. ते पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी होते. गावोगाव फिरून भिक्षा मागणे हीच त्यांची पिढीजात उपजीविका. पुरते दोन आठवडे लोटले नाहीत, तोच १३ जुलैला आमच्या सीमाभागातील बीदर जिल्ह्यात, मुरकी येथे, हैदराबादच्या एका तरुण अभियंत्याची तीच गत झाली. वाटेतल्या वस्तीवर मुलांना चॉकलेटे दिली, एवढाच काय तो त्या मंडळींचा अपराध! त्यांच्या मोटारीपुढे मोबाइलवरचा निरोप धावला आणि पुढल्या गावाने रस्ता अडवला.

जमाव क्रूर होता, एवढे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. या भीतीचे मूळ क्रौर्यात नाही, लेकरांवरील मायेत आहे. म्हणूनच ती इतक्या सहज शिरकाव करते. त्या वर्षी फिरलेली एक चित्रफीत वस्तुतः कराचीत मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी तयार झाली होती. मूल परत आणून सोडल्याचा तिचा शेवट कोणी तरी कापला आणि उरला तो ‘पुरावा’! असा निरोप ओळखीच्या माणसाकडून येतो. तो मुळात कोणाचा, हे कोणी विचारीत नाही. कोणी पाठवला, एवढेच पाहतो. दुसऱ्याने खातरजमा केलीच असेल, असे प्रत्येकजण समजतो आणि खातरजमा कोणीच करीत नाही.

मग भीतीला चेहरा हवा असतो. तो ज्याच्या बाजूने बोलणारे गावात कोणी नाही, त्याचाच सापडतो. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये गेला. फिरस्त्यांविषयीचा संशय मात्र गेला नाही.

१७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जिल्ह्याजिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमण्याचे आदेश दिले. व्हॉट्सॲपनेही त्याच महिन्यात निरोप एका वेळी पाचांनाच पुढे धाडण्याची मर्यादा घातली. हे योग्यच झाले. परंतु जमाव जमल्यावर पोलीस पोहोचेपर्यंत जो अवधी जातो, तो गावाच्याच हाती असतो. त्या अवधीत शिक्षकाने, पोलीस पाटलाने, कोणाही वडीलधाऱ्याने पुढे होऊन एकच प्रश्न विचारावा: कोणाचे मूल हरवले? कोणत्या गावचे, कोणत्या दिवशी? उत्तर नसेल, तर हात आवरा. उत्तर असेल, तरी शिक्षा देणे जमावाचे काम नव्हे, पोलिसांना बोलवा.

वाचकहो, आपण सीमेवरची माणसे. बाजारासाठी, नोकरीसाठी, यात्रेसाठी आपण नित्य दुसऱ्याच्या मुलखात जातो. तेथे परके आपणच असतो, हे विसरू नका.