पाकिस्तानच्या इतिहासातील मराठवाड्याची पाने

पाकिस्तानच्या राजकारणावर मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा काश्मीर, लष्करशाही आणि दहशतवाद या तीन विषयांभोवती फिरते, आणि सीमेपासून शेकडो मैल दूर असलेल्या धाराशिवसारख्या जिल्ह्याचा त्या देशाच्या इतिहासाशी काही संबंध असेल अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. वस्तुतः पाकिस्तानला पुढे ज्या दोन प्रश्नांनी ग्रासले, म्हणजे राज्याचे सार्वभौमत्व नेमके कोणाचे आणि त्या राज्याने आपल्या मुलांना कोणत्या भाषेत शिकवायचे, त्या दोन्ही प्रश्नांची एक रंगीत तालीम निजामाच्या हैदराबाद संस्थानात, म्हणजेच तेव्हा उस्मानाबाद म्हटल्या जाणाऱ्या याच जिल्ह्यासह सगळ्या मराठवाड्यात, आधीच होऊन गेली होती. या तालमीतील काही प्रमुख पात्रेही पुढे कराचीला गेली.

आरंभ शिक्षणापासून करणे सोयीचे आहे, कारण संस्थानातील राजकीय असंतोषाची पहिली ठिणगी शाळेतच पडली. १८८० च्या दशकात हैदराबाद दरबाराने कारभाराची भाषा म्हणून फारसीच्या जागी उर्दू आणली, आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झाले. भारतीय भाषेला उच्च शिक्षणाचे माध्यम करणारे हे देशातील पहिले विद्यापीठ होते, आणि त्यासाठी स्थापन झालेल्या अनुवाद विभागाने वैद्यक, कायदा, गणित आणि इतिहास या विषयांचे ग्रंथ उर्दूत आणून जे काम केले तसे काम मराठीत आजतागायत झालेले नाही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु ज्या संस्थानात निम्म्याच्या आसपास लोक तेलुगू, पाव हिस्सा मराठी आणि दशांशाहून थोडे अधिक कन्नड बोलत होते, तेथे जेमतेम दशांश लोकांची भाषा विद्यापीठाची, कचेरीची आणि न्यायालयाची एकमेव भाषा झाली. खालच्या इयत्तांत मराठी शिकवली जाई, पण पुढच्या शिक्षणाचा आणि सरकारी नोकरीचा दरवाजा उर्दूच्या किल्लीनेच उघडत असे. एकाच धोरणाने शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने पुढचे पाऊल टाकावे आणि राजकीय न्यायाच्या दृष्टीने बहुसंख्य प्रजेला उंबऱ्याबाहेर ठेवावे, असा हा विलक्षण प्रकार होता.

या धोरणाचे एक शिल्पकार मौलवी अब्दुल हक हे मराठवाड्याला परके नव्हते. त्यांची बरीच वर्षे औरंगाबादेत शिक्षण खात्याच्या सेवेत गेली, उर्दूच्या प्रसारासाठी काम करणाऱ्या ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’ या संस्थेचा कारभार त्यांनी तेथूनच चालवला आणि उस्मानियाच्या अनुवाद विभागाची सूत्रेही काही काळ त्यांच्याकडे होती. फाळणीनंतर ते कराचीला गेले, ‘बाबा-ए-उर्दू’ म्हणून तेथे मान पावले, आणि १९५४ मध्ये बंगालीला राजभाषेचा दर्जा देऊ नये म्हणून कराचीत निघालेल्या मोर्चाचे नेतृत्व त्यांनी केले. औरंगाबाद ते कराची हा त्यांचा प्रवास एका विचाराचाही प्रवास आहे. राज्य एक म्हणजे भाषा एक, आणि ती राज्यकर्त्या वर्गाच्या संस्कृतीची, असा तो विचार होता.

संस्थानातील मराठी समाजाने या धोरणाला दिलेले उत्तरही शाळेच्याच रूपात आले. आजच्या लोहारा तालुक्यातील हिप्परगा या खेड्यात १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा सुरू झाली. राष्ट्रीय शाळा म्हणजे सरकारी अभ्यासक्रम आणि अनुदान नाकारून, लोकवर्गणीवर, मातृभाषेतून चालणारी शाळा. खासगी शाळा काढायला सरकारी परवानगी लागत असल्यामुळे आणि पुढे गाजलेल्या ‘गश्ती निशाण ५३’ या परिपत्रकाने जाहीर सभांवरही बंधने घातल्यामुळे, शाळा चालवणे हेच संस्थानात राजकारण होऊन बसले होते. या शाळेत मुख्याध्यापक म्हणून आलेले व्यंकटेश भगवान खेडगीकर हेच पुढे स्वामी रामानंद तीर्थ या नावाने हैदराबाद स्टेट काँग्रेसचे आणि मुक्तिलढ्याचे नेते झाले. हिप्परग्याहून स्वामीजी, बाबासाहेब परांजपे आणि त्यांचे सहकारी अंबाजोगाईला गेले आणि तेथील योगेश्वरी शाळेतून कार्यकर्त्यांची दुसरी पिढी उभी राहिली. १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठातून विद्यार्थी काढले गेले आणि त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला, तेव्हा दरबाराने स्वतःच्या विरोधकांच्या शिक्षणाची सोय एका परीने स्वतःच करून दिली.

दुसरा प्रश्न सार्वभौमत्वाचा. १९२७ मध्ये स्थापन झालेल्या मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेला बहादूर यार जंग या असामान्य वक्त्याने एक सिद्धान्त दिला, तो ‘अनल मलिक’ या नावाने ओळखला जातो. त्याचा आशय असा की संस्थानातील सत्ता निजाम या व्यक्तीची नसून तेथील मुस्लिम समाजाची आहे, प्रत्येक मुसलमान हा राज्यकर्ता आहे आणि निजाम हे त्या सामुदायिक सत्तेचे केवळ प्रतीक आहे. वरवर पाहता यात लोकशाहीचा भास होतो, कारण सत्ता राजाकडून काढून समाजाकडे दिलेली आहे. पण शेकडा बारा-तेरा असलेल्या समाजाला सत्तेचा जन्मसिद्ध मालक ठरवून उरलेल्या प्रजेला त्या मालकीतून वगळणे हा या सिद्धान्ताचा गाभा होता, आणि संस्थानातील गरीब विणकर किंवा शिपाई मुसलमानाच्या पदरात त्याने खोट्या अभिमानापलीकडे काहीही टाकले नाही. १९४४ मध्ये बहादूर यार जंग वारले आणि १९४६ मध्ये संघटनेची सूत्रे कासिम रझवीकडे गेली. रझवी लातूरला वकिली करत असे, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. १९८२ मध्ये स्वतंत्र लातूर जिल्हा झाल्यामुळे ही गोष्ट धाराशिवकरांच्या स्मरणातून सोयीस्करपणे निसटली आहे. रझाकार या त्याच्या स्वयंसेवक दलाने पुढच्या दोन वर्षांत जे लुटालुटीचे, जाळपोळीचे आणि खुनांचे सत्र चालवले, त्याला जिल्ह्यातील जुनी माणसे ‘रझाकारी’ या एकाच शब्दात आठवत असत.

संस्थान आणि पाकिस्तान यांचे नाते केवळ भावनेचे नव्हते, त्यात रोकडही होती. डिसेंबर १९४७ मध्ये हैदराबादचे पंतप्रधान झालेले मीर लायक अली त्याआधी संयुक्त राष्ट्रसंघात पाकिस्तानचे प्रतिनिधी म्हणून गेले होते. भारताशी नोव्हेंबर १९४७ मध्ये जैसे थे करार होऊनही संस्थानाने पाकिस्तानला भारत सरकारच्याच रोख्यांच्या रूपाने २० कोटी रुपयांचे कर्ज दिले. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान कोसळत असताना लंडनच्या बँकेतील निजाम सरकारचे १० लाख ७ हजार ९४० पौंड आणि ९ शिलिंग पाकिस्तानचे तेथील उच्चायुक्त रहिमतुल्ला यांच्या नावावर वळवण्यात आले. ज्या संस्थानातील शेतकरी लेव्हीच्या, म्हणजे सरकारला सक्तीने द्याव्या लागणाऱ्या, धान्याने पिचलेला होता, त्याच्या तिजोरीतील या पैशावरचा वाद २०१९ पर्यंत चालला, आणि त्या वर्षीच्या २ ऑक्टोबरला लंडनच्या उच्च न्यायालयाने पाकिस्तानचा दावा फेटाळून सुमारे साडेतीन कोटी पौंडांपर्यंत वाढलेली ती रक्कम भारत आणि निजामाचे वारस यांची ठरवली.

संस्थान आणि पाकिस्तान यांच्यातील आणखी एक साम्य फारसे सांगितले जात नाही. लायक अलींच्या मंत्रिमंडळात दलित पुढारी बी. एस. व्यंकटराव शिक्षणमंत्री होते, आणि सुरक्षा परिषदेपुढे हैदराबादची बाजू मांडायला गेलेल्या शिष्टमंडळात औरंगाबादचे श्यामसुंदर होते. पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री जोगेंद्रनाथ मंडल यांची राजकीय गणिते या दोघांसारखीच होती. सवर्ण हिंदूंच्या वर्चस्वापेक्षा मुस्लिम राज्यकर्त्यांशी युती बरी, असा तो हिशेब होता. मंडल १९५० मध्ये राजीनामा देऊन भारतात परतले. नोव्हेंबर १९४७ मध्येच डॉ. आंबेडकरांनी अनुसूचित जातींना निजामाची बाजू घेऊ नका असा जाहीर इशारा दिला होता. या नेत्यांना केवळ दरबाराचे हस्तक म्हणून निकालात काढणे मात्र उचित नाही, कारण स्वातंत्र्याच्या चळवळीत दलितांना जो विश्वास वाटायला हवा होता तो का वाटला नाही, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानावरील कारवाईसाठी सोलापूरच्या बाजूने निघालेल्या भारतीय सैन्याची पहिली चकमक नळदुर्गला झाली. हैदराबाद रस्त्यावरील बोरी नदीचा पूल उडवला गेला असता तर रणगाड्यांची वाट अडली असती, म्हणून तो शाबूत हाती येणे महत्त्वाचे होते आणि तसा तो आला. सकाळी नऊच्या सुमारास तुकड्या जळकोटात होत्या, दुपारी उमरग्यात. दुसरी तुकडी पहाटे तुळजापूरला पोहोचली आणि तेथे दोनेक तास लढाई झाली. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. जीनांचे निधन ११ सप्टेंबरला झाले होते, त्यामुळे ज्या मदतीच्या भरवशावर रझवीची भाषणे चालली होती ती ज्यांच्याकडे मागायची तेही उरले नव्हते. अर्थात जीना हयात असते तरी चहूबाजूंनी भारताने वेढलेल्या संस्थानाला कराचीहून काय मदत पोहोचली असती, हे समजायला युद्धशास्त्र शिकण्याची गरज नाही.

या लष्करी कारवाईनंतरच्या, म्हणजे ‘पोलीस ॲक्शन’नंतरच्या, काही आठवड्यांचा इतिहास मात्र जिल्ह्याच्या जाहीर स्मरणात नाही. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात फिरून नेहरू सरकारला अहवाल दिला. त्यात मुस्लिमांच्या हत्यांचा एकूण अंदाज २७ हजार ते ४० हजार असा असून, उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांतच किमान १८ हजार बळी गेल्याचे म्हटले आहे. लातुरात हिंसा वीस दिवसांहून अधिक चालली अशीही त्यात नोंद आहे, आणि ज्या हिंदूंनी जिवावर उदार होऊन मुस्लिम शेजाऱ्यांना वाचवले त्यांचाही उल्लेख आहे. हा अहवाल अनेक दशके सरकारी दप्तरात बंद राहिला. त्यातील आकड्यांविषयी वाद होऊ शकतो, परंतु रझाकारीच्या बळींचे स्मारक आणि ॲक्शननंतरच्या बळींचे मौन ही विभागणी कोणत्याही गंभीर इतिहासलेखनाला पटणारी नाही.

हैदराबादच्या तालमीतील हे दोन प्रश्न पाकिस्तानच्या प्रत्यक्ष रंगभूमीवर कसे आले, हे थोडक्यात सांगता येते. फेब्रुवारी १९४८ मध्ये, म्हणजे हैदराबादचे भवितव्य अनिर्णित असतानाच, धीरेंद्रनाथ दत्त यांनी पाकिस्तानच्या संविधान सभेत बंगालीला स्थान मागितले आणि ती मागणी फेटाळली गेली. मार्चमध्ये जीनांनी ढाक्यात जाऊन राजभाषा उर्दूच राहील असे बजावले. देशाच्या निम्म्याहून अधिक लोकांची भाषा बंगाली होती. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात बंगालीसाठी निदर्शने करणाऱ्यांवर गोळीबार झाला, १९५६ च्या संविधानात बंगालीला दर्जा मिळाला तोवर मने फाटलेली होती, आणि १९७१ च्या मार्चमध्ये वृद्ध दत्त यांना लष्कराने उचलून ठार केले. सार्वभौमत्वाच्या प्रश्नावर १९४९ च्या उद्दिष्टांच्या ठरावाने सत्ता ईश्वराची आहे असे जाहीर केले, आणि ईश्वराच्या वतीने ती कोणी चालवायची यावर तेथील पुढारी, धर्मगुरू आणि सेनापती आजही भांडत आहेत. कासिम रझवी १९५७ मध्ये शिक्षा भोगून सुटल्यावर कराचीला गेला आणि १९७० च्या जानेवारीत तेथेच वारला. नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात गेलेले लायक अली १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये वारले. पाकिस्तानी लष्कराची ढाक्यातील शरणागती दोघांनाही पाहावी लागली नाही.

या इतिहासाचे पाकिस्तानने आपल्या पाठ्यपुस्तकांत काय केले, ते त्याच देशाचे इतिहासकार के. के. अझीज यांनी १९९३ मध्ये ‘द मर्डर ऑफ हिस्टरी’ या पुस्तकात शाळेतली पुस्तके एकेक तपासून दाखवले. असा हिशेब मांडणारा माणूस त्या समाजात निघाला, ही त्या समाजाच्या बाजूने नोंदवण्याची गोष्ट आहे. महाराष्ट्रात हैदराबादचा लढा शालेय पुस्तकात जुनागढ, काश्मीर आणि गोव्याच्या जोडीने काही परिच्छेदांत आटोपतो, आणि सुंदरलाल अहवालाची ओळख पदवीधरांनाही क्वचितच असते.

खरी अडचण साधनांची आहे. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली तेव्हा मराठवाड्यातील तहसील कचेऱ्यांतून निजामकाळातील दप्तरे बाहेर आली, आणि ती उर्दूत व मोडीत असल्यामुळे वाचणारी माणसे शोधत फिरण्याची वेळ प्रशासनावर आली. या कागदांवर सन फसली असते, म्हणजे इसवी सन काढायला ५९० मिळवावे लागतात. महिनेही आजूर, दय, बहमन असे. जमिनीच्या, पिकांच्या, खटल्यांच्या आणि शाळांच्या ज्या नोंदींवरून जिल्ह्याचा १९४८ पूर्वीचा इतिहास लिहायचा, त्या नोंदी आरक्षणाच्या निमित्ताने उघडल्या गेल्या आणि जातीचा रकाना पाहून पुन्हा बांधून ठेवल्या गेल्या. धाराशिवला मराठवाडा विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. तेथील इतिहासाच्या प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला मोडीबरोबर कचेरीची उर्दू वाचता येणे सक्तीचे करावे, आणि पहिला प्रबंध हिप्परग्याच्या शाळेवर किंवा नळदुर्ग परिसरातील १९४८ च्या सप्टेंबरवर, त्या महिन्याच्या दोन्ही पंधरवड्यांवर, लिहून घ्यावा.