जुनेराने बेकारी झाकत नाही

महाविद्यालयात शिकत असतानाच जुन्या कपड्यांचे ऑनलाइन दुकान काढावे, हा विचार शहरी तरुणांमध्ये आता चांगलाच रुजला आहे. पुण्या-मुंबईच्या वसतिगृहांत आणि कॉट बेसिसवर घेतलेल्या खोल्यांत असे बेत रोज आखले जातात. इन्स्टाग्रामवर एक खाते उघडायचे, जुन्या बाजारातून निवडक सदरे, जाकिटे, रेशमी साड्या उचलायच्या, धुऊन इस्त्री करून त्यांची छायाचित्रे काढायची, त्यांवर ‘व्हिंटेज’ असा शिक्का मारून ठरलेल्या वेळी त्या विक्रीस मांडायच्या आणि यूपीआयवर पैसे जमा झाले की पार्सल रवाना करायचे, असा हा उद्योग आहे. भांडवल थोडे लागते, गाळ्याचे भाडे नाही, डोक्यावर मालक नाही. शिवाय जुने वापरल्याने पृथ्वीचे रक्षण होते, हे पुण्य वेगळेच!

महाविद्यालयांतील उद्योजकता कक्ष, बँकांचे सल्लागार आणि सरकारी व्यासपीठावरील वक्ते या उपक्रमाचे तोंड भरून कौतुक करतात. ‘नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा’ हा मंत्र तरुणांच्या कानी कपाळी ओरडून सांगितला जात आहे. १६ जानेवारी २०१६ रोजी ‘स्टार्टअप इंडिया’चा गाजावाजा झाला. २०१८ च्या जानेवारीत देशाच्या पंतप्रधानांनी पकोडे विकणे हाही रोजगारच असल्याचे दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत सुचविले. पकोड्यांपासून जुन्या सदऱ्यांपर्यंतचा हा प्रवास एकाच दिशेचा आहे. रोजगार निर्माण करण्याची जबाबदारी शासनाने खांद्यावरून उतरवावी आणि ती वीस वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर ठेवून त्यालाच ‘स्वावलंबी’ म्हणून हार घालावा, अशी ही नीती आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. असे दुकान काढू पाहणाऱ्या मुलामुलींची टिंगल करण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांतील पुष्कळांना खाणावळीचे बिल भागवायचे असते. आमचा रोख आहे तो त्यांच्या अडचणीला तत्त्वज्ञानाचा मुलामा देणाऱ्यांवर.

हिशेब काय सांगतो?

प्रथम या स्वावलंबनाचा हिशेब मांडू. उदाहरणादाखल धरू या की एका विद्यार्थिनीने महिन्याला ३० कपडे प्रत्येकी १०० रुपयांना घेतले. ३,००० रुपये गेले. धुलाई, तुटलेली बटणे, उसवलेली शिवण आणि रफू यांवर नगास ३० रुपये, म्हणजे ९०० रुपये खर्च झाले. ३० पैकी २० कपडे ४५० रुपयांप्रमाणे विकले गेले. पदरी ९,००० रुपये पडले. वेष्टन आणि टपाल यांचे नगास ७० रुपये धरले तर १,४०० रुपये वजा होतात. शेवटी हाती उरतात ३,७०० रुपये.

आता श्रम मोजू. बाजारात जाऊन निवड करणे, धुणे, वाळविणे, इस्त्री, छाती-कंबर-लांबीची मापे, चार बाजूंनी छायाचित्रे, वर्णन, ‘आणखी कमी करा’ म्हणणाऱ्या दहा जणांना उत्तरे, बांधाबांध आणि टपाल. एका नगामागे दोन तास धरले तर ३० नगांचे ६० तास होतात. म्हणजे तासाला ६१-६२ रुपये! यात घरचे पाणी, वीज, आईच्या हातची धुणी आणि वडिलांनी हप्त्यावर घेऊन दिलेला मोबाइल यांचा खर्च धरलेलाच नाही.

या धंद्याची मेख त्याच्या स्वरूपातच आहे. कारखान्यात एका मापाचे हजार सदरे निघतात. एक छायाचित्र हजारांना पुरते. जुन्या कपड्याचा प्रत्येक नग एकुलता एक असतो. प्रत्येकाचे माप निराळे, डाग निराळा, छायाचित्र निराळे. धंदा दुप्पट करायचा तर श्रमही जवळजवळ दुप्पट करावे लागतात. आणि हे सारे ज्या फलाटावर मांडायचे तो फलाट परक्या कंपनीच्या मालकीचा. कोणाची जाहिरात किती जणांना दिसावी हे ती ठरविते. ते तिने कसे ठरविले हे सांगण्यास ती बांधील नाही. मालकाने नियम बदलले की दोन वर्षांत जमविलेले गिऱ्हाईक एका रात्रीत दिसेनासे होते. पूर्वी शेतकऱ्याचा माल अडत्याच्या काट्यावर अडत असे; आज या मुलीचा माल अदृश्य काट्यावर अडतो. तिच्या डोक्यावर मालक नाही म्हणतात; प्रत्यक्षात तो आहे, फक्त त्याने पगाराची जबाबदारी झटकली आहे.

बोहारीण कोठे गेली?

जुन्या कपड्यांचा व्यापार या तरुणांनी शोधून काढलेला नाही. भांड्यांचे टोपले डोक्यावर घेऊन दारोदार हिंडणारी बोहारीण हा व्यापार पिढ्यान् पिढ्या करीत आली. मुंबईत हे काम मुख्यतः गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजातील स्त्रियांनी सांभाळले. दिल्लीच्या रघुवीर नगरात त्याच समाजाचा जुन्या कपड्यांचा बाजार पहाटेच्या काळोखात भरतो. चार साड्या आणि दोन पँटी घेऊन एक स्टीलचे पातेले द्यायचे, त्यासाठी तासभर घासाघीस सोसायची, मग ते कपडे निवडून, धुऊन, शिवून बाजारात न्यायचे. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार अशाच कष्टांवर उभा राहिला. गवंडीकाम करणारा मजूर तेथे अंगाला येईल असा सदरा शोधतो.

आता त्याच बाजारात चोखंदळ नजरेचा नवा गिऱ्हाईक येतो. ढिगातील धड आणि टिकाऊ कपडे तो वेचून नेतो, ते चौपट किमतीला दुसऱ्या वर्गाकडे जातात आणि मजुरासाठी उरतो तो गाळ. बोहारणीला यात काय मिळते? तिने शंभराला दिलेला सदरा साडेचारशेला गेला, हे तिला कळतसुद्धा नाही. ज्या संकुलांत पूर्वी तिची हाक ऐकू येई त्यांच्या फाटकावर आज ‘फेरीवाल्यांना मज्जाव’ अशी पाटी आहे. त्या फाटकामागे राहणारी मुलगी तोच धंदा करते तेव्हा ती ‘उद्योजिका’ ठरते. फाटकाबाहेरची बाई मात्र उपद्रव ठरते.

‘व्हिंटेज’ हा शब्द मूळचा द्राक्षाच्या हंगामाचा. मद्याच्या व्यापाऱ्यांकडून तो कपड्यांच्या व्यापाऱ्यांकडे आला. आपल्या भाषेत या वस्तूला ‘जुनेर’ म्हणतात. गरिबाच्या अंगावर असते तोवर ते जुनेर. सुखवस्तूच्या अंगावर चढले की व्हिंटेज! कापड तेच, अंग तेवढे बदलले.

या देशात अंगावरच्या कपड्याला जातीचाही इतिहास आहे, आणि तो विसरणे आपल्याला परवडणारे नाही. सेवक शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत, असे मनुस्मृतीचा दहावा अध्याय सांगतो. उतरलेले कपडे अंगावर घालणे ही कोट्यवधींवर लादलेली सक्ती होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्या ग्रंथाचे दहन झाले आणि त्याच परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना अस्पृश्यतेची खूण सांगणारा पेहराव टाकून नीटनेटके राहण्यास सांगितले. ज्यांच्या आजीने नवे लुगडे मिळावे म्हणून अपमान गिळला, त्यांच्या नातीला दुसऱ्याचे उतरलेले कपडे मिरविण्याची हौस वाटली नाही, तर तिला मागासलेली समजू नका. जुने मिरविण्याची चैन ज्याच्या कपाटात नवे आहे त्यालाच परवडते.

पृथ्वीरक्षणाचा दावा

एक सदरा दोनदा वापरला गेला तर एक नवा सदरा कमी लागतो, या युक्तिवादात तथ्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. परंतु तेवढ्यावर थांबणे म्हणजे नळ वाहता ठेवून फरशी पुसण्यासारखे आहे. स्वस्त आणि चटकन टाकाऊ कपडे दर आठवड्याला बाजारात ओतणाऱ्या कंपन्यांचे उत्पादन अशा दुकानांनी कमी केलेले नाही. उलट ‘जुने विकून टाकता येते’ या समाधानात नवे घेण्याची खंत विरून जाते. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक कामगार चिरडले गेले. भेगा दिसत असतानाही त्यांना कामावर बोलावण्यात आले होते, कारण परदेशी कंपन्यांचा माल वेळेवर जायचा होता. कपडा स्वस्त होतो तो असा.

आणि टाकलेल्या कपड्यांचे पुढे काय होते? श्रीमंत देशांनी ‘दान’ केलेले गठ्ठे जहाजांतून कांडल्याला उतरतात. तेथील निर्यात क्षेत्रात हजारो कपड्यांची निवड बहुशः स्त्रिया करतात. बरे कपडे आफ्रिकेच्या बाजारात जातात, फाटके पानिपतला. वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर आपल्या देशात निर्बंध आहेत. फाडून चिंध्या केलेला माल मात्र येऊ शकतो, आणि न फाडलेलाही वाटेत बाजारात झिरपतो, ही तक्रार जुनी आहे. पानिपतच्या बायका विळ्यासारख्या पात्यांवर बटणे, चेन आणि पट्ट्या कापून काढतात. त्या चिंध्यांचे पुन्हा सूत होते, सुताची घोंगडी होतात. तंतूंची धूळ त्यांच्या फुप्फुसांत जाते. दुकानाच्या सुंदर छायाचित्रांत ही साखळी कोठेही दिसत नाही.

जुना कपडा टिकाऊ असतो, असे ही मंडळी अभिमानाने सांगतात. तो टिकाऊ का होता, हेही त्यांनी सांगावे. मुंबईच्या गिरणगावातील विणकराचे कसब त्यात उतरले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर मॉल उभे राहिले. फिनिक्स मिलच्या जागी आज नवे कपडे विकले जातात, विणले जात नाहीत. तेथल्या कामगाराच्या नातवाने आजोबांच्या पिढीने विणलेले कापड शोधून इन्स्टाग्रामवर विकावे, याला प्रगती म्हणावयाचे काय?

कमवा आणि शिका: तेव्हा आणि आता

काही जण येथे कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव घेतील. अवश्य घ्यावे. १९१९ साली स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेने स्वावलंबी शिक्षणाचे ब्रीद स्वीकारले आणि ‘कमवा आणि शिका’ ही योजना रुजविली. परंतु त्या योजनेत काम देण्याची जबाबदारी संस्थेची होती. मुलगा शेतात राबला तर त्याच्या जेवणाची, निवाऱ्याची आणि फीची हमी संस्था घेत असे. सर्व जातींची मुले एका पंगतीत बसत. श्रमाला तेथे समूहाचा आधार होता. आजचा उपदेश निराळा आहे: कमवा, जमले तर शिका, बुडालात तर तो तुमचाच दोष. त्या महापुरुषाच्या योजनेशी याची सांगड घालणे हा शुद्ध बुद्धिभेद आहे.

२०२४-२५ पासून महाराष्ट्र शासनाने ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ठराविक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. हे चांगले झाले. परंतु खोलीचे भाडे, खाणावळ, पुस्तके आणि एस.टी.चा पास यांसाठी मुलीने रात्री बारापर्यंत गिऱ्हाइकांना उत्तरे द्यावयाची असतील, तर अभ्यास तिने केव्हा करावा? तिच्या ६० तासांची खरी किंमत ३,७०० रुपये नाही. तेवढ्या वेळात झाले असते ते वाचन, ती प्रयोगशाळा आणि ती झोप, ही ती किंमत आहे.

आपण काय करावे?

केवळ टीकेने आपले कर्तव्य संपत नाही. महाविद्यालयात काम करणाऱ्या साथींनी तीन गोष्टी हाती घ्याव्यात. पहिली, वसतिगृह आणि खाणावळ यांचा प्रश्न शुल्कमाफीइतक्याच तीव्रतेने लढविणे, आणि ‘कमवा व शिका’ योजनेतील कामाला किमान वेतनापेक्षा कमी मोबदला मिळणार नाही, अशी मागणी विद्यापीठापुढे ठेवणे.

दुसरी, बोहारणींची नोंद. पथविक्रेत्यांसंबंधीच्या २०१४ च्या कायद्यात फिरून विकणारेही येतात. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असल्या पाहिजेत. सर्वेक्षणात आपल्या शहरातील बोहारणींची गणना झाली की नाही, हे विचारण्यास प्रभागातील एक कार्यकर्ता पुरेसा आहे.

तिसरी गोष्ट त्या दुकान काढू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी. विकायचेच असेल तर एकट्याने विकू नका. पुण्यात एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठातील शिक्षिका कचरा वेचणाऱ्या स्त्रियांमध्ये जाऊन बसल्या. त्यातून १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि २००८ मध्ये त्या कष्टकऱ्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला. तुमच्याकडे मोबाइल, भाषा आणि हिशेब आहे. बोहारणीकडे कापडाची पारख, सुईचे कसब आणि गल्लीगल्लीची ओळख आहे. दोघांची सहकारी संस्था काढा. विक्रीची किंमत तिला दिसू द्या, नफ्यातील तिचा वाटा लेखी ठरवा आणि जुन्या बाजारातील मजुराचा सदरा मजुराला राहू द्या. यात पैसा झटपट मिळणार नाही. पण जो मिळेल त्यासाठी कोणाच्या डोक्यावरचे टोपले हिसकावलेले नसेल.

एकेकट्याच्या कर्तबगारीने बेकारीचा प्रश्न सुटतो, ही समजूत शासनाला सोयीची आहे, म्हणूनच तिचा एवढा प्रचार होतो. तरुणांना काम मागण्याची लाज वाटू लागली की काम देण्याची जबाबदारी असणारे निर्धास्त झोपतात. त्यांना झोपू द्यायचे नसेल, तर प्रत्येक महाविद्यालयाच्या फाटकावर ही मागणी मोठ्या आवाजात मांडली गेली पाहिजे.