आधी घरचा तांब्या, मग डेअरीची किटली



लागणीच्या नोंदी घेत आम्ही गावोगाव हिंडतो. चहा घेतल्याशिवाय कोणी सोडत नाही. अलीकडे एका सभासदाच्या घरी कोरा चहा आला. गोठ्यात तर तीन म्हशी! विचारलं, तेव्हा घरच्या माउली म्हणाल्या, "साहेब, समदं दूध डेअरीला गेलं. पोरांनाबी कोराच दिलाय." तो चहा आम्हांला गोड लागला नाही.

दुधाच्या पैशाला आमचा विरोध नाही. उसाचे बिल वर्षातून दोन-तीनदा हाती पडते. रोजची मीठ-मिरची दुधाच्या बिलावर चालते, हे आम्ही जाणतो. पण फॅट लागते म्हणून दाट दूध किटलीत आणि घरच्या पोरांना कोरा चहा, हा कुठला हिशेब? आमचे म्हणणे एवढेच, की एक जनावर घरच्या नावाचे असावे. त्याचे दूध, दही, ताक, तूप घरात राहावे. व्याल्यावर चीक तासा-दोन तासांत आधी रेडकाला पाजावा, उरेल त्याचा खरवस करावा.

वैरणीचे म्हणाल, तर हंगामात वाढे भरपूर. पण नुसत्या वाढ्यांवर जनावर ठेवणे ही मोठी चूक. वाढ्यांतील ऑक्झॅलेट अंगातला कॅल्शियम बांधून टाकते. मग दूध आटते, म्हैस वेळेवर गाभण राहत नाही आणि दोष नशिबाला दिला जातो. वाढ्यांची कुट्टी करून चुन्याची निवळी शिंपडा, कडबा मिसळा, रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्या. उसाशेजारी दोन गुंठे लसूणघास करा. मात्र तो कडब्यात मिसळूनच घाला, नुसता पोटभर घातला तर पोट फुगते.

शिवाय एक म्हैस रोज १०-१५ किलो शेण देते. पाचट पेटवू नका. थोडे गोठ्यात अंथरून शेणा-मुताबरोबर खड्ड्यात कुजवा, बाकीचे खोडव्याच्या सरीत राहू द्या. जमिनीलाही घरचा घास लागतो.

कोणी म्हणेल, जनावराचा राबता सारा बायकांच्या अंगावर पडतो. खरे आहे. तेव्हा वैरण आणणे आणि शेण काढणे पुरुषांनी आपल्याकडे घ्यावे. त्यात कमीपणा नाही.

पुढच्या नोंदीला येऊ तेव्हा आमचा चहा कोरा असला तरी चालेल. पोरांच्या पेल्यात मात्र दूध दिसावे, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी